द्रवणांक

ईथर पस्तिसाला उकळतं.
हे पुस्तकात आहे, आणि पुस्तक लिहिणारा
मे महिन्यात भुसावळला कधी आलेला नसतो.
इथे सावलीत शेहेचाळीस.
बाटलीचं बूच निघेपर्यंत
निम्मं ईथर खिडकीतून यावल रोडला लागलेलं असायचं.

म्हणून मी पहाटे चारला प्रयोगशाळा उघडायचे.
सुपडू तायडे सायकलच्या कॅरिअरवर
गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणायचा,
भुशासकट.
एकदा नुसतंच ओलं गोणपाट घेऊन दारात उभा.
"तो रस्त्यातच पघयला बाई, मले काहाले बोलता?"
मी काही बोललेच नव्हते.
त्या दिवशी बी.एस्सी.च्या पोरांना साबण शिकवला.

माझा पदार्थ सरकीतला. पिवळा.
वरणगावला ढेपीच्या पोत्यांवर बसून
मी पाढे पाठ केलेत,
त्यामुळे पुण्यात मार्गदर्शक म्हणाले, विषय जरा गावठी आहे,
तेव्हा मला ते कौतुकच वाटलं.
चार वर्षांत द्रवणांक हाती आला: एकशे चौऱ्याऐंशी.
डॉक्टरेट झाली, पेढे झाले.
थांबा, ते म्हणाले, इथे जागा निघेल.
निघाली ती भुसावळला.
आठवड्याला बावीस तास,
गॅस असला तर वीज नाही,
आणि विषारी धुरासाठी एक खिडकी, तिलाही कबुतरांची जाळी.

पहिल्याच वर्षी तोच पदार्थ
एकशे नव्व्याण्णवला वितळला.
ईथर पुरलं नव्हतं, क्लोरोफॉर्ममधून काढला होता.
पुन्हा केला. नव्व्याण्णव.
थर्मामीटर बदलला. नव्व्याण्णव.
निबंध पाठवला तो पाच महिन्यांनी परत आला,
वर परीक्षकाची एकच ओळ:
नमुना अशुद्ध दिसतो.

अहो, अशुद्ध पदार्थ लवकर वितळतो,
उशिरा नाही.
हे मी अकरावीच्या पोरांना शिकवते!
ते पाकीट कित्येक महिने
दुधाचं पातेलं उतरवायला वापरलं.

मग हलक्या पेट्रोलमधून काढून पाहिला. दोनशे चौदा.
एकच पदार्थ, तीन द्रवणांक,
ज्या द्रवातून बाहेर आला त्याप्रमाणे.
रात्री अडीचला मी जिन्यावर बसले,
कुणाला सांगावं कळेना. सुपडूला सांगितलं.
तो म्हणाला, "मंग? केयी बी तशीच राह्यते.
रावेरची निराळी, चोपड्याची निराळी."

पुढे मुंबईच्या ग्रंथालयात
एका जाड, वाळवी लागलेल्या खंडात सापडलं:
कुणीतरी हे माझ्या जन्माआधीच लिहून ठेवलं होतं.
मार्गदर्शकांना ठाऊक नव्हतं, परीक्षकाला नव्हतं.
मी परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं,
मनमाडनंतर झोपले.

माझ्या वाट्याला उरलं ते एवढं:
नुसत्या उन्हात ठेवल्यावर एक रूप दुसऱ्यात कसं शिरतं.
त्यासाठी गच्ची होती, आणि ऊन फुकट.
तीन पानांचा निबंध. अकरा जणांनी दाखला दिला.
ताश्कंदहून पोस्टकार्ड आलं, प्रत पाठवा.
तिथेही कापूस होतो म्हणे.

आज एकतीस मे. बाहेर सत्तेचाळीस.
निरोपात प्राचार्य म्हणाले,
फेगडे मॅडम कधी वितळल्या नाहीत. टाळ्या.
सुपडू असता तर हसला असता, तोंडावर हात ठेवून.
नंतर जडवस्तू नोंदवही:
बीकर चौदा, फुटलेले नऊ,
सह्या, सह्या.
कपाटाच्या मागे एक कुपी निघाली,
पिवळे स्फटिक, चिठ्ठीवरची शाई उडालेली.
तिघांतला कुठला, कळायचं तर वितळवावं लागेल.

"याची नोंद नाही मॅडम," कारकून म्हणाला.
नाहीच.
मी ती पर्समध्ये टाकली,
चष्म्याच्या डबीत, फडक्यात गुंडाळून,
आणि सावलीसावलीने रिक्षा स्टँडकडे निघाले.